दुसरे टोले

व्हालब्रेझची नगरपालिका म्हणजे एक खोली.
भिंतीपलीकडे शाळा, त्यामुळे ठराव लिहिताना
पाढे कानावर पडतात. एकदा मी इतिवृत्तात
सात नवे त्रेसष्ट लिहून बसले होते.
मंगळवार आणि शुक्रवार, दोन ते सहा,
मी इथली चिटणीस. बाकीचे दिवस गाई.

दप्तर सतराशे एकाहत्तरपासूनचं आहे.
त्याआधीचं उंदरांनी वाचलं.
जंगलाच्या शिवेवरून खालच्या गावाशी
एकशे नऊ वर्षं खटला;
जिंकलो, तोवर भांडणातली झाडं तोडून झाली होती.
शिंगाचे कंगवे करणारी एकोणीस घरं.
मग प्लास्टिक आलं, एवढीच नोंद.
चौदाच्या लढाईत गेलेली एक्केचाळीस नावं चौकातल्या दगडावर,
त्यात चार व्हियेर्मोझ, चौघे एकाच आईचे.
आता त्या आडनावाची
फक्त गल्ली उरली आहे.

आणि घड्याळ.
इथलं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं.
एकदा वेळेवर,
आणि दोन मिनिटांनी पुन्हा,
शेतात मोजताना चुकलेल्यांसाठी.
ॲन्सेल्म दर शनिवारी वर चढून किल्ली देतो.
त्र्याऐंशी पायऱ्या, एक धड गुडघा.

मागच्या वर्षी लोहाराच्या बंद घरात
शहरातून एक जोडपं राहायला आलं.
महिन्याभरात नवऱ्याचं पत्र, टाइप केलेलं, कलमांसह:
पहिले टोले परंपरा म्हणून समजू शकतो.
दुसऱ्यांचं प्रयोजन काय?

सभेला अकरापैकी नऊ हजर.
दोघी बाळंतपणात अडकलेल्या;
एकीची सून, एकीची गाय.
आधी चीजच्या सहकारी डेअरीचं छप्पर,
मग विलीनीकरणाचं पत्र
(खालचं शहर आम्हाला पोटात घ्यायला तयार आहे,
आमचं नावही ठेवतील म्हणे, असंच कंसात),
शेवटी टोले.
मेयरबाईंनी विचारलं, "ॲन्सेल्म, तुझं काय म्हणणं?"
"एकदा सांगितलेलं ऐकतं कोण?"
सगळे हसले. हसणं थांबल्यावर
त्याने तेच पुन्हा सांगितलं.
पाच विरुद्ध चार. टोले राहिले.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो आला.
टोपी हातात, बूट बर्फाने भिजलेले.
नकाराचं पत्र मीच धाडलं होतं,
वाटलं, भांडायला आलाय.
त्याने डॉक्टरचा कागद टेबलावर ठेवला
आणि हाताने सपाट करत राहिला.
क्लोतिल्द. जन्म अमिआंचा.
मी रकाने भरत गेले. वय, व्यवसाय, माहेरचं आडनाव.
मृत्यूची वेळ रिकामी होती;
घाटात बर्फ, डॉक्टर उजाडल्यावर पोचला.
"किती वाजता?"
पलीकडे पोरं पाचाच्या पाढ्यावर होती.
"टोले पडत होते," तो म्हणाला. "मी मोजत नव्हतो.
तिच्या हाताकडे बघत होतो.
मग परत पडले.
तेव्हा मोजले.
चार."

वेळ अक्षरात लिहायची, असा नियम आहे.
पहाटेचे चार.
शाई वाळेपर्यंत कोणीच बोललं नाही.

दारापाशी जाऊन तो थांबला.
"सरपणाच्या यादीत नाव घालता येतं का?"
गावच्या जंगलातले वाटे आम्ही दर वर्षी
एका जुन्या टोपीतून चिठ्ठ्या काढून ठरवतो.
घरटी एक वाटा, तोडायचा ज्याने त्याने.
जामीन तीन, तेही इथलेच.
"घरात माणसं किती?"
विचारावं लागतं, रकाना आहे.
त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, जसं काही
उत्तर तिथे कुठेतरी लिहिलेलं असावं.
"एक."

यादीच्या तळाशी नाव घातलं.
पहिल्या जामिनापुढे माझी सही.
दुसरा ॲन्सेल्म, शनिवारी खाली उतरला की.
तिसरा बघू.